उदारामजी बेलमारे यांची राजनिष्ठा

एकोणीसशे एकोणऐंशीच्या जानेवारीत, धानाच्या बांध्यांमधली लाखोरीची डाळ निळ्या फुलावर आलेली असताना, मोहाडीहून करडीला येणाऱ्या एस.टी.तून एक उंच, गोरा, सडसष्ट वर्षांचा माणूस उतरला. उतरण्यापूर्वी त्याने कंडक्टरला कमरेतून वाकून नमस्कार केला, मग ड्रायव्हरला, मग गाडीत उरलेल्या एकेका प्रवाशाला. गाडी सात मिनिटे उशिरा सुटली आणि कुणीही तक्रार केली नाही.

त्याचे नाव कौंट ओदों द बेल्मार. कौंट म्हणजे आपल्याकडच्या सरदारासारखा खानदानी मनुष्य. फ्रान्समधले राज्य लोकांनी उलथवून राजाचे डोके उडवले त्याला पावणेदोनशेच्या वर वर्षे झाली होती, पण बेल्मार घराण्याने ती गोष्ट अजून मान्य केलेली नव्हती. ओदोंचे वडील पाकिटावर सरकारी तिकीट नेहमी उलटे चिकटवीत. ओदोंने मात्र पोटासाठी त्याच सरकारच्या परराष्ट्र खात्यात चौतीस वर्षे काढली. पगार प्रजासत्ताकाचा आणि मुजरा राजाचा, असा त्याचा संसार. फ्रान्सचा राष्ट्रीय सण चौदा जुलैला येतो. त्या दिवशी वकिलातीत झेंड्यापुढे उभे राहावे लागू नये म्हणून ओदोंला दरवर्षी तेरा जुलैच्या रात्री ताप भरे. पाच देशांतल्या डॉक्टरांनी त्या तापावर औषधे दिली होती.

लग्न त्याने केले नाही. तीनदा मुलगी पसंत पडली आणि तिन्ही वेळा तिच्या खापरपणजोबाने नेपोलियनची चाकरी केलेली निघाली. मग त्याने जुन्या वस्तूंशीच सोयरीक जुळवली. शिक्के, नाणी, कुलुपे, किल्ल्या, जे जुने दिसेल त्याच्यापुढे तो तासन्‌तास बसे. निवृत्त झाल्यावर घरातले जुने कागद चाळताना त्याला एक पत्र सापडले. राजाच्या वधानंतर देश सोडून गेलेला शार्ल नावाचा त्याचा एक पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या तोफखान्यात नोकरीला होता. अठराशे एक सालचे त्याचे शेवटचे पत्र मोठ्या तलावाकाठच्या ‘करादी’ गावाहून लिहिलेले होते. त्यानंतर शार्लचा पत्ता नाही. त्याची कबर शोधून तिच्यावर फुले वाहायची, एवढ्यासाठी ओदों तीन महिन्यांचा व्हिसा काढून करडीला आला होता.

गावात इंग्रजी बोलू शकणारे एकटे जागेश्वर गुरुजी. पाहुणा साहजिकच त्यांच्या घरी उतरला. गुरुजींच्या पत्नी सत्यवतीबाईंनी त्याचे नाव तीनदा विचारले, तीनदा म्हणून पाहिले आणि चौथ्यांदा सरळ उदाराम केले. संध्याकाळपर्यंत गावात ते उदारामजी बेलमारे झाले होते, आणि नाकाडोंगरीकडे बेलमाऱ्यांची दोन घरे आहेत असे कुणीतरी छातीठोकपणे सांगतही होते.

पुढचे आठ दिवस उदारामजी आणि गुरुजी बैलबंडीत बसून कबर शोधत फिरले. दूरदेशीचा म्हातारा रिकाम्या हाताने परत जाऊ नये असे प्रत्येक गावाला वाटत होते, त्यामुळे प्रत्येक गावाने त्यांना एक तरी दगड दाखवला. कुठे मैलाचा दगड निघाला, कुठे मोडक्या जात्याची तळी. नाकाडोंगरीच्या जंगलात तर इंग्रजी अक्षरे कोरलेला दगड मिळाला. उदारामजींनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि पंधरा मिनिटे डोळे मिटून प्रार्थना केली. मग चष्मा लावून अक्षरे वाचली, तर तो मॅंगनीजच्या खाणीच्या हद्दीचा दगड होता, एकोणीसशे बावीस सालचा. गुरुजींना वाटले, आता हा माणूस रडणार. पण उदारामजी त्या दगडाला टेकून असे हसायला लागले, की गाडीवानाला उगाच बैलांची काळजी वाटली.

आपण असे कधी हसलो होतो हे त्यांना आठवेना. परत येताना बंडीत ते गुरुजींना सांगत होते, की वकिलातीत हसायचे ते ओठांनी, आणि तेही राजदूताने सुरुवात केल्यावर.

एकवीस जानेवारीला रविवार होता. उदारामजी सकाळी काळा कोट घालून ओसरीवर बसले आणि चहाला नाही म्हणाले. आज त्यांच्या राजाची पुण्यतिथी, दरवर्षी या दिवशी ते उपास करतात, असे गुरुजींनी बायकोला सांगितले. सत्यवतीबाईंनी विचारले की राजाचे दिवस कुणी केले होते. गुरुजींनी विचारून सांगितले, कुणीच नाही. मग शार्ल नावाच्या त्या पूर्वजाचे? त्याचेही नाही. एकशे शहाऐंशी वर्षे एका माणसाच्या नावाने कावळ्याला घास ठेवलेला नाही, ही गोष्ट सत्यवतीबाईंना ऐकवेना. शेजारचे श्यामराव जाणते होते. ते म्हणाले की हा काही पितृपक्ष नाही. त्यावर बाई म्हणाल्या की इतकी वर्षे उपाशी असलेल्या माणसाला पंचांग काय दाखवता.

तासाभरात भात, वडे आणि लाखोरीचे वरण शिजले. पळसाच्या पानांवर दोन घास वाढून ते तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, ठेवण्यात आले. एक राजाचा, एक शार्लचा. श्यामराव, गुरुजी, बाई आणि काळ्या कोटातले उदारामजी जरा लांब उभे राहिले. शार्लच्या घासाला कावळा लगेच शिवला. राजाच्या घासाकडे मात्र एकही फिरकेना. मृताची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करण्याचे वचन द्यावे लागते, असे श्यामरावांनी समजावले. उदारामजी ताठ झाले. छातीवर हात ठेवून त्यांनी फ्रेंचमध्ये वचन दिले, की राजाच्या वंशजाला पुन्हा गादीवर बसवू. चार कावळे बाभळीवर बसून ऐकत होते. एकही हलला नाही. उदारामजींनी तेच वचन जरा मोठ्या आवाजात दिले. त्यावर दोन कावळे उडूनच गेले.

सत्यवतीबाईंनी विचारले, राजाला जिवंतपणी काय आवडायचे. उदारामजींना हे पाठ होते. राजाला कुलुपे बनवायचा नाद होता. महालात त्याने स्वतःची भट्टी आणि कानशी ठेवल्या होत्या, आणि दरबारापेक्षा तो तिथेच रमायचा.

बाई दोन पावले पुढे गेल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घासाकडे पाहून म्हणाल्या, “महाराज, तुमी कुलुपंच करा. तुमाले आता कोनी गादीवर बस म्हननार नाई.”

बाभळीवरचा एक कावळा खाली आला आणि वडा घेऊन गेला.

गुरुजींनी वाक्याचा अर्थ सांगितला तेव्हा उदारामजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. सगळ्या हयातीत आपण राजाला काय हवे ते सांगत होतो, त्याला काय नको ते कधी विचारलेच नाही, असे ते पुटपुटले. मग त्यांना पुन्हा ते नाकाडोंगरीचे हसू फुटले. श्यामरावांनाही फुटले. चौघेही हसत हसत पारीवरून घरी आले आणि उदारामजींनी उपास मोडून अकरा वडे खाल्ले.

पण चौतीस वर्षांची सवय एका कावळ्याने जात नाही. दोन दिवसांपूर्वीच सरपंच टेकचंद पाटलांनी त्यांना शाळेच्या ध्वजवंदनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले होते, आणि गावचा काही उत्सव असेल असे समजून त्यांनी होकार दिला होता. चोवीस तारखेला संध्याकाळी त्यांनी सहज विचारले, हा सण कशाचा. गुरुजींनी मोठ्या अभिमानाने सांगितले, आपला देश प्रजासत्ताक झाला त्याचा. उदारामजींनी कप खाली ठेवला. मग अतिशय नम्रपणे कळवले, की सव्वीस तारखेला सकाळी सहा वाजता आपल्याला ताप येणार आहे आणि तो बारापर्यंत टिकेल.

शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने ‘प्रमुख पाहुणे : उदारामजी बेलमारे, फ्रान्स’ लिहून झाले होते. पोरी महिनाभर लेझीम घोटत होत्या. गुरुजींनी विनवण्या केल्या. उदारामजी हळहळले, पण तापाची वेळ बदलायला तयार होईनात.

सत्यवतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि नवऱ्याला म्हणाल्या की मी बोलते ते जसेच्या तसे सांगा.

“उदारामजी, आमच्या राजाचं राज्य त इंग्रजायनं नेलं. आमी कोनाचंच मुंडकं नाई कापलं. मंग तुमी आमच्यावर कायले रुसून राहिले?”

गुरुजींनी भीत भीत भाषांतर केले. मोठमोठ्या मुत्सद्द्यांशी उदारामजींनी वाद घातले होते, तहांच्या मसुद्यांत स्वल्पविराम हलवले होते, पण इतका सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि जाहीर केले, की ताप उतरला.

सव्वीसला त्यांनी दोरी ओढली. झेंड्यात बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या प्रजासत्ताकाच्या झेंड्यापुढे बिनतापाचे उभे होते, आणि आभाळ कोसळले नव्हते. मग भाषण. ते आपण मराठीत करणार, असे त्यांनी ठरवले होते. दोन आठवडे ते सत्यवतीबाईंच्या तोंडची भाषा कान देऊन ऐकत होते आणि वहीत उतरवत होते. ते पुढे आले, कमरेतून वाकले आणि म्हणाले, “मी उदाराम. मी लय दुरून आली. मी तुमच्या घरी जेवली. आता मी तुमची झाली.”

पहिल्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिले. मागे बसलेल्या बायांनी तोंडाला पदर लावला. मग शाळेचे पटांगण असे हसले की मुख्याध्यापकांना टेबलावर डस्टर आपटावे लागले. गुरुजींनी पाहुण्यांच्या कानात सांगितले, की तुम्ही बाईसारखे बोलत आहात. उदारामजींनी गुरुजींमार्फत सगळ्यांना कळवले, की मी ज्यांच्याकडून भाषा घेतली त्या सत्यवतीबाई आहेत, त्यांनी दिली तशीच ठेवणार, तिच्यात फेरफार करण्याचा मला अधिकार नाही. आणि पुढचे सगळे भाषण त्यांनी तसेच केले, मी पाहिली, मी हिंडली, मी हासली. लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर गिरजाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने, सरपंचाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, एक शंका काढली. फ्रान्सचा सरदार जिच्या बोलीत बोलतो, ती बाई पंचायतीत काहून नाही?

मार्चमध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक होती. बायांच्या राखीव जागेवर कोण बसणार हे टेकचंद पाटील दर वेळी घरातच ठरवीत. यंदा त्यांच्या भावजयीचे, आनंदाबाईंचे नाव ठरले होते, आणि आनंदाबाईंना ते कुणी सांगितलेही नव्हते. गिरजाबाईची शंका गावभर फिरली. सत्यवतीबाई चार दिवस नाही म्हणत राहिल्या. पाचव्या दिवशी खालच्या मोहल्ल्यातली विहीर आटली, बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन तलावापर्यंत जाऊ लागल्या, आणि बोरिंग पाहिजे म्हणून बाईंनी अर्ज भरला.

अडचण एकच होती. गुरुजी शाळेच्या नोकरीत, त्यांना प्रचार करता येत नव्हता. बाईंना घरोघर जाऊन स्वतःची स्तुती करायची लाज वाटत होती. तेव्हा उदारामजींनी सांगितले, की प्रचार आपल्यालाही करता येणार नाही, आपण परके आहोत. पण सदिच्छा भेटी देता येतील. चौतीस वर्षे आपण त्याचाच पगार घेतला.

दुसऱ्या दिवसापासून काळा कोट घातलेले उदारामजी करडीच्या घराघरांत शिरू लागले. पहिल्या भेटीत मताचा म सुद्धा काढायचा नाही, हा त्यांचा नियम. ते फक्त विचारत, घरातली सगळ्यांत जुनी वस्तू कोणती? कुणी पितळेची पायली दाखवी, कुणी अडकित्ता, कुणी आजेसासूच्या गळ्यातली हसळी. उदारामजी ती वस्तू दोन्ही हातांत घेऊन उजेडाला धरीत आणि तिची गोष्ट विचारीत. ज्या बायांना कुणी कधी काही विचारले नव्हते त्या तास तास सांगत बसत. वस्तूची गोष्ट संपली की विहिरीची सुरू होई. दुसऱ्या भेटीत उदारामजी फक्त एवढेच म्हणत, “विहिरीचं सत्यवतीबाईले सांगली का?”

ते टेकचंद पाटलांकडेही गेले. परका माणूस गावात ढवळाढवळ करतो म्हणून पाटील तापलेले होते. उदारामजींनी त्यांच्या आजोबांचा मालगुजारीचा शिक्का पाहायला मागितला आणि दोन तास भिंगातून पाहिला. असा सुबक शिक्का आपण पाच देशांत पाहिला नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पाटलांनी त्यांना चहा पाजला, मग जेवायलाच बसवले, आणि ते गेल्यावर आपण रागावायचे विसरलो हे त्यांच्या ध्यानात आले. आनंदाबाईंनी चांदीचे वाळे दाखवता दाखवता पाहुण्यांना हळूच सांगून टाकले, की माझे स्वतःचे मतही सत्यवतीलाच आहे, मला सभेत बसले की झोप येते.

मतमोजणीच्या दिवशी उदारामजींनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते. शाळेबाहेर ते येरझारा घालत होते, दर पाच मिनिटांनी खिडकीतून डोकावत होते, आणि दर वेळी पोलीस त्यांना अदबीने मागे सारत होता. सत्यवतीबाई घरी धान पाखडत होत्या. निकाल लागला. सत्यवतीबाईंना एकशे एकतीस, आनंदाबाईंना अठ्ठावन्न.

उदारामजींनी टोपी हवेत उडवली, ती कडुलिंबावर अडकली आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ढोल वाजू लागला. ज्याने राजदरबारी थाटाच्या नाचाचे धडे घेतले होते तो माणूस शाळेपासून तलावापर्यंत दोन्ही हात वर करून, कोटाची बटणे तुटेपर्यंत नाचला. श्यामराव त्यांच्या सोबत नाचले. आनंदाबाई तर सगळ्यांच्या पुढे होत्या. पारीवर पोचल्यावर उदारामजी धापा टाकत खाली बसले आणि गुलालाने लाल झालेल्या तोंडाने गुरुजींना सांगू लागले, की हा खेळ आपल्या देशात इतकी वर्षे चालला होता आणि आपण रुसून घरात बसलो होतो.

म्हणजे आता तुम्ही प्रजासत्ताकवादी झालात का, असे गुरुजींनी विचारले. उदारामजींना ते बोलणे लागले. छे, ते राजाचेच माणूस होते. राजा असावाच, फक्त दर पाच वर्षांनी त्याने आपल्या पायांनी येऊन दार ठोठवावे आणि विहिरीचे काय म्हणून विचारावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

एप्रिलमध्ये व्हिसा संपला आणि शार्लची कबर न सापडताच ते गेले. निरोप द्यायला एस.टी.पाशी इतके लोक आले की प्रत्येकाला वाकून नमस्कार करता करता उदारामजींची कंबर धरली. खालच्या मोहल्ल्यात त्याच पावसाळ्याआधी बोरिंग झाले. पाणी बत्तीस हातांवर लागले आणि गोडे निघाले.

पत्रे येत राहिली. त्र्याऐंशीच्या एप्रिलात एक जाडजूड पाकीट आले. गुरुजींनी ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचले. एकाहत्तराव्या वर्षी उदारामजींनी आपले नाव पहिल्यांदा मतदार यादीत घातले होते. त्यांच्या गावात नगरपरिषदेची निवडणूक होती, आणि चीज विकणाऱ्या एका विधवा बाईसाठी त्यांनी साठ घरी सदिच्छा भेटी दिल्या होत्या. बाई अकरा मतांनी पडल्या. उदारामजींनी दोन दिवस दार लावून घेतले होते. त्यांच्या राजनिष्ठ मित्रमंडळाने त्यांना काढून टाकले होते, पण त्याचे त्यांना काही वाटत नव्हते, ती अकरा मते तेवढी मनातून जात नव्हती. आपले काय चुकले हे सत्यवतीबाईंना विचारून कळवावे, अशी त्यांनी विनंती केली होती.

सत्यवतीबाई नुकत्याच पंचायतीच्या बैठकीहून आल्या होत्या. पायांवर पाणी घेता घेता त्यांनी सगळे पत्र ऐकले.

“त्याईले लिहा,” त्या म्हणाल्या, “हारल्यावर त खरं फिराचं राहते. जितलेला मानूस घरी झोपते, त्याच्या मांगं लोकायचं आयकाले कोनी येत नाई. जा म्हना आता, उद्याच जा.”

गुरुजींनी तसे लिहिले. महिन्याभराने उत्तर आले. पत्र मिळाले त्या दिवशीच आपण छत्री घेऊन बाहेर पडलो, असे उदारामजींनी कळवले होते. साठांपैकी सत्तावन्न घरे झाली. उरलेल्या तीन घरी कुत्री होती, पण त्यांच्याशीही बोलणी सुरू होती. पुढची निवडणूक सहा वर्षांनी होती.